ज्योतीच्या रात्री गाडी कोण चालवणार?

सोलापूर जिल्ह्यातल्या एका गावातून आलेल्या पत्राचा हा सारांश. लिहिणारे ३२ वर्षांचे आहेत, कृषी सेवा केंद्र चालवतात आणि यंदा गावच्या नवरात्र मंडळाचे अध्यक्ष झाले आहेत. मंडळाची २४ पोरं दरवर्षी सर्वपित्री अमावस्येला घरी जेवून दुपारी दोनला टेम्पो आणि मोटारसायकली घेऊन तुळजापूरला निघतात. ज्योत पेटवून होईतो संध्याकाळचे सात वाजतात. मग रात्रभर आळीपाळीने पळत १२० किलोमीटर कापायचे आणि घटस्थापनेच्या सकाळी सहाला वेशीवर हजर व्हायचं. गेल्या वर्षी पहाटे साडेतीनला एका मोटारसायकलवाल्याला डुलकी लागली, गाडी रस्त्याखाली गेली आणि मागे बसलेल्या १९ वर्षांच्या मुलाचं खांद्याजवळचं हाड मोडलं. घरी सांगितलं, देवळाच्या पायऱ्यांवरून घसरला. दवाखान्याचा खर्च मंडळाच्या हिशेबात ‘मंडप दुरुस्ती’ म्हणून दाखवला. यंदा त्याच मुलाला पुन्हा पळायचंय. दुसऱ्या एका मुलाची आई दुकानात येऊन सांगून गेली, “तुझ्या जबाबदारीवर पाठवते.” तेव्हापासून अध्यक्षांच्या डोळ्याला डोळा नाही. ते विचारतात: अध्यक्षपद सोडू, की पळणं बंद करून ज्योत सरळ गाडीतून आणू? बंद केलं तर परंपरा मोडल्याचा ठपका येणार. वडील म्हणतात, श्रद्धा असली की काही होत नाही. शेजारच्या गावची ज्योत नऊ तासांत आली आणि आपल्याला अकरा लागले, हे पोरं उठताबसता ऐकवतात. आणि पत्राच्या अगदी शेवटी एक ओळ: गावातल्या पाच मुली पोलीस भरतीसाठी रोज पहाटे पळतात, त्यांनाही यायचंय, पण मंडळ नाही म्हणालं.

अध्यक्षसाहेब,

आधी राजीनाम्याचं. तुम्ही पद सोडलंत म्हणून टेम्पो जायचा थांबणार नाही. तोच टेम्पो, तीच पोरं, तीच वेळ, फक्त पुढे दुसरा कुणीतरी असेल. त्याने असं पत्र लिहिलं असतं का, याचा विचार करा. तुम्हाला भीती वाटते हीच तुमची या पदासाठीची लायकी आहे. सोडायचंच असेल तर दसऱ्यानंतर सोडा.

ज्योत गाडीतून आणण्याचंही मला पटत नाही. म्हणजे त्यात पाप आहे असं नाही. पण गावातल्या पंचविशीच्या आतल्या पोरांना वर्षातून एकदा मोबाइल खिशात ठेवून एकमेकांच्या भरवशावर रात्र काढायला लावणारं दुसरं काय आहे तुमच्याकडे? ते टिकावं असं मला मनापासून वाटतं. शिवाय तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि त्यात पळताना कुणाला काही झाल्याचं कुठेच सापडलं नाही. झालं ते गाडीवर. पळणारा मुलगा जागा असतो, त्याला सहसा झोप लागत नाही. दिवसभराची दगदग, दुपारचं जड जेवण, मग तीन तास गाडी हाकणं, तुळजापुरातली गर्दी आणि पुन्हा रात्रभर ताशी दहाच्या वेगाने हँडल धरून बसणं, हे ज्याच्या वाट्याला येतं तो झोपतो. पहाटे दोन ते पाच या वेळात माणसाचं शरीर झोप मागतंच. तिथे चहा, मोठ्याने गाणी, तोंडावर पाणी यांनी फार तर थोडा वेळ निभतं. डोळे उघडे असलेला माणूसही चार-पाच सेकंद झोपून जातो आणि त्याला स्वतःला ते कळत नाही.

म्हणजे पोरांना पळवू की नको, हा मुळात प्रश्नच नाही. त्या रात्री गाडी कोण चालवतंय आणि त्याने शेवटची झोप कधी घेतली, एवढंच बघायचं आहे.

आता वडिलांचं म्हणणं. त्यांच्याशी वाद घालू नका, त्यांना तुळजापूरचीच आठवण करून द्या. त्यांना हे माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असणार. ज्या अमावस्येच्या रात्री तुम्ही पळता, त्या रात्री देवी कुठे असते? पलंगावर. नवरात्राआधी तिची घोरनिद्रा चालू असते. प्रतिपदेच्या पहाटे ती उठते आणि सिंहासनावर बसते, मग घट बसतात. दसऱ्याचं सीमोल्लंघन झालं की पौर्णिमेपर्यंत पुन्हा श्रमनिद्रा. महिषासुराशी लढायच्या आधी झोप आणि लढून झाल्यावर झोप, अशी जिची रीत आहे, तिच्या नावाने टेम्पोच्या ड्रायव्हरला मात्र डोळा मिटायची मुभा नाही, हे कुठल्या शास्त्रात बसतं? श्रद्धेचाच विषय असेल तर या रीतीपासून सुरुवात करूया.

दुसरा समज असा की ज्योत एकदा उचलली की थांबता कामा नये. हे कुणी ठरवलं? आषाढीला माउलींची पालखी रोज मुक्काम करते. वारी मोडली, असं कुणी म्हणत नाही. लांबच्या जिल्ह्यांतली मंडळं दोन-तीन दिवस आधी तुळजापूर सोडतात, वाटेत एखाद्या देवळात उतरतात, दोघं ज्योतीपाशी जागे राहतात आणि बाकीचे झोपतात. तुमचं अंतर नेमकं असं अडनिडं आहे की ओढूनताणून एका रात्रीत बसतं, आणि या ओढाताणीलाच तुम्ही परंपरा म्हणू लागला आहात.

ओढाताण येते कुठून, तेही तुमच्या पत्रातच आहे. सर्वपित्रीचं जेवण. खीर, वडे, अळूची भाजी खाऊन दोनला घर सोडायचं, म्हणजे ज्योत पेटेपर्यंत सात वाजणारच. सात ते सहा अकरा तास. १२० भागिले ११, तासाला जवळजवळ ११ किलोमीटर. हा वेग सराव असलेल्या धावपटूचा आहे. चौकाचौकात हार-नारळ घेणाऱ्या पोरांना तो रात्रभर झेपणारा नाही. म्हणून मध्येच कुठेतरी ज्योत मोटारसायकलवर चढते आणि आठ-दहा किलोमीटर तशीच जाते. तुमच्याकडे असं होतं की नाही, तुमचं तुम्हाला माहीत. शेजारच्या गावच्या नऊ तासांचं म्हणाल तर तो तासाला १३ च्या वरचा हिशेब झाला. रात्रभर, अनवाणी, सत्कार घेत घेत. मला त्यात पेट्रोलचा वास येतो. पण भांडू नका, हसून सोडून द्या.

यावर उपाय सोपा आहे आणि तो या खेळाच्या स्वभावातच आहे. आळीपाळीने पळायचं असेल तर सगळ्यांनी सगळीकडे असायची गरज नसते. अमेरिकेत ओरेगन राज्यात १९८२ पासून एक शर्यत होते, हूड टू कोस्ट. माउंट हूड या डोंगरावरून निघायचं आणि प्रशांत महासागराच्या काठी पोहोचायचं, साधारण ३२० किलोमीटर, दिवसरात्र. १२ जणांचा संघ, ३६ टप्पे, दोन गाड्या. पहिल्या गाडीतले सहा जण आपापला टप्पा पळत असतात, तेव्हा दुसरी गाडी पुढे जाऊन थांबते आणि त्यातली माणसं जेवतात, झोपतात. मग उलट. रात्री पळणाऱ्याच्या अंगावर चमकणाऱ्या पट्ट्यांचं जाकीट आणि हातात किंवा डोक्याला दिवा असावाच लागतो, नसेल तर पळू देत नाहीत. तिथे ज्योत नाही, देवी नाही, सगळी हौस. पण अर्ध्या संघाने झोपायचं असतं ही गोष्ट त्यांनी नियोजनातच धरली आहे. आपल्याकडे चोवीसच्या चोवीस पोरं एका टेम्पोत, स्पीकर मोठा, आणि झोपणाऱ्याला चिडवायचं.

तुमच्या गावासाठी मी असं मांडून बघितलं. पोरांची बारा-बाराची दोन पथकं करा. ज्यांच्या घरी श्राद्धाला वडील किंवा थोरला भाऊ बसतो, ती पोरं पहिल्या पथकात. ती आदल्या संध्याकाळीच तुळजापूरला जातील, तिथे झोपतील, दर्शन घेतील आणि अमावस्येला सकाळी अकराला ज्योत उचलतील. तासाला आठ किलोमीटर धरले, जे सत्कार आणि लघवी-पाण्यासकट जमण्यासारखं आहे, तर ४० किलोमीटरवर दुपारी चार वाजतात. दुसरं पथक घरचं जेवण करून, तासभर पडून तिथे येतं आणि रात्री नऊपर्यंत पुढचे ४० घेतं. तोवर पहिलं पथक पुढच्या गावच्या शाळेत किंवा मंगल कार्यालयात झोपलेलं. नऊ ते बारा पुन्हा पहिलं पथक, २४ किलोमीटर. बाराला मुक्काम. साडेतीनला सगळ्यांना उठवा. चारला निघा, शेवटचे १६ किलोमीटर सगळे मिळून, आणि सहाला तुम्ही वेशीवर आहात. मशाल हातात घेऊन माणशी हिशेब सरासरी पाच किलोमीटरचा आहे, जोडीदार म्हणून साधारण तेवढाच, तोही तुकड्यातुकड्याने. ज्या वेळात गेल्या वर्षी अपघात झाला, त्या वेळात यंदा एकही चाक फिरत नसेल.

यात खोट आहे, ती सांगतो. दुसऱ्या पथकाचं दर्शन हुकतं, आणि काही जणांना ते लागेल. दरवर्षी पथकं बदला, यंदा गेले ते पुढच्या वर्षी मागे. दुसरी खोट म्हणजे दुपारचं ऊन. ते सोसेनासं झालं तर त्या वेळात टप्पे अर्ध्या किलोमीटरचे करा आणि डोक्याला ओला पंचा बांधा. परतीचा पाऊस आला तर तास-दीड तास जाईल, तेव्हा मुक्काम लहान होईल, पण दोन तासांच्या खाली जाऊ देऊ नका. तेवढंही उरत नसेल तर शेवटचे काही किलोमीटर ज्योत गाडीतून न्या आणि वेशीपासून पळा. ते उघड सांगून करा, म्हणजे चोरून करावं लागत नाही.

ड्रायव्हरचं मात्र कुठलीही सूट न देता पाळा. दोन गाड्यांना चार ड्रायव्हर. ते पळणार नाहीत, ज्योत खांद्यावर घेणार नाहीत, हीच त्यांची सेवा. नारळ फोडायचा मान त्यांना द्या, वेशीवर पहिला हार त्यांना घाला, काय हवं ते करा. दुपारी त्यांनी झोपलंच पाहिजे, सलग चार तासांपेक्षा जास्त स्टिअरिंगवर बसायचं नाही, आणि ज्याला पेंग येते त्याने तसं म्हटलं तर कुणी हसायचं नाही. मोटारसायकली घरी ठेवा. दोन न्यायच्याच असतील तर अंधार पडायच्या आत परत पाठवा. आणि मालवाहू टेम्पोच्या हौद्यात माणसं बसवणं नियमात बसत नाही. काही झालं तर विमा कंपनी हात वर करू शकते. गावात शाळेची किंवा लग्नाच्या वऱ्हाडाची गाडी भाड्याने मिळत असेल तर वर्गणीतले पैसे डीजेऐवजी तिथे जाऊ द्या. डीजे तसाही मागून येणाऱ्या ट्रकचा हॉर्न ऐकू देत नाही.

रस्त्याचं बोलू. अमावस्या आहे, चंद्र नाही. फाल्गुन वद्य तृतीयेच्या शिवजयंतीला शिवनेरीहून किंवा पन्हाळ्याहून ज्योत आणणाऱ्यांना निदान चांदण्याचा आधार असतो, तुम्हाला तोही नाही. त्यातून हातातली मशाल पळणाऱ्याचेच डोळे दिपवते. तिच्या उजेडात त्याला दहा फुटांपुढचं दिसत नाही, आणि समोरच्या ट्रकवाल्याला ज्योत दिसते पण तिच्याखालचा माणूस दिसत नाही. म्हणून प्रत्येकाच्या अंगात रेडियमचं जाकीट, छातीवर आणि पाठीवर पट्टी. आठ-दहा जाकिटं पुरतात, पळणारा बदलला की जाकीटही बदलायचं, मशालीबरोबरच. एकटा कुणी पळणार नाही, जोडीने पळायचं, दुसऱ्याच्या हातात बॅटरी. मशाल अंगापासून लांब आणि वाऱ्याच्या खालच्या अंगाला धरायची, नाहीतर तापलेलं तेल मनगटावर उतरतं. पेटत्या मशालीत पळता पळता बाटलीने तेल ओतायची जी पद्धत आहे ती बंद करा. थांबा, खाली धरा, एकाने ओता. तेलाचा डबा माणसं बसलेल्या गाडीत ठेवू नका.

गाडी पळणाऱ्याच्या मागे रांगत ठेवावी की पुढे जाऊन थांबावी, यावर माझं मत असं: मोठ्या रस्त्यावर मागे, पंचवीस-तीस पावलांवर, चारही इंडिकेटर चालू आणि मागच्या फळीला पिवळा फिरता दिवा. गावच्या रस्त्यावर मात्र पुढे जाऊन डांबराच्या खाली उतरून उभी करावी. अंधारात ताशी आठने सरकणाऱ्या गाडीवर मागून कुणी येऊन आदळणं हा सगळ्यात मोठा धोका आहे. म्हणून आतल्या गावांतून जाणारा रस्ता पाच-सहा किलोमीटर लांब पडत असेल तरी तो घ्या. मार्ग आणि वेळा लिहून तुमच्या पोलीस ठाण्यात अर्ज द्या, वाटेतल्या ठाण्यांनाही एकेक प्रत. १०८ आणि ११२ हे नंबर पोरांना पाठ असतात, पण आपण कुठल्या गावाजवळ आहोत हे अंधारात सांगता येत नाही. एकाच्या मोबाइलवरून ठिकाण सतत गावातल्या दोघांना दिसत राहील अशी सोय करा.

ज्योत विझली तर? वाऱ्याने, पावसाने विझतेच. दुसऱ्या गाडीत कंदिलात तीच ज्योत तेवती ठेवा. १९७६ साली माँट्रियलच्या ऑलिम्पिकमध्ये पावसाने ज्योत विझली आणि तिथल्या एका माणसाने ती चक्क सिगारेटच्या लायटरने पेटवली. मग ती पुन्हा विझवून राखीव ज्योतीवरून पेटवावी लागली. तुमच्या पोरांवर ती वेळ येऊ नये.

अनवाणी पळण्याबद्दल तुम्ही लिहिलं नाहीत, पण हा प्रश्न निघेलच. ज्याचा नवस आहे त्याने अनवाणी पळावं, मी कोण अडवणार. त्याला उजेडातला टप्पा द्या, किंवा वेशीपासून देवळापर्यंतचा, जिथला दगड न् दगड त्याच्या ओळखीचा आहे. बाकीच्यांनी बूट घालावेत, आणि नवे नकोत, जुने. खाण्याचं थोडक्यात: दर तासा-दीड तासाला थोडं काहीतरी, केळं, शेंगदाण्याचा लाडू, राजगिऱ्याची वडी, आणि नुसत्या पाण्याऐवजी मीठ-साखर-लिंबू किंवा ओआरएस. जेवण झालं की लगेच पळायचं नाही. दारू प्यायलेला कुणी गाडीत चढणार नाही, हे मी न सांगताही तुम्ही ठरवलं असेलच.

सराव नवरात्राच्या तोंडावर सुरू करून उपयोग नाही. मध्ये गणपतीचे दहा दिवस मंडळाला दुसरं काही सुचत नाही आणि मग पंधरवडा लागतो. गणपतीच्या आधीच बैठक घ्या. आठवड्यातून तीनदा संध्याकाळी अर्धा तास, आणि एका शनिवारी रात्री दहा ते एक गावाभोवती मशालीसकट तालीम. त्या तालमीत कळेल की कुणाला अंधारात जमत नाही आणि कुणाचा दमा बळावतो.

इथेच तुमच्या शेवटच्या ओळीकडे येतो. गावात रोज पहाटे पळणारी माणसं कोण? भरतीची पोरं आणि त्या पाच मुली. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, घड्याळ लावून, महिनोन् महिने. म्हणजे अर्ध्या आणि एक किलोमीटरच्या टप्प्यांची तयारी ज्यांची सगळ्यात पक्की आहे, त्यांनाच तुम्ही घरी बसवलंत, तेही देवीच्या ज्योतीसाठी. रात्रीची काळजी असेल तर माझ्या आराखड्यात दुपारी चार ते नऊचा टप्पा आहे, पहाटेचे शेवटचे १६ किलोमीटर आहेत. एखादी आई किंवा शिक्षिका गाडीत बसेल. आधी त्यांच्या घरी जाऊन विचारा, मंडळाला नंतर. मंडळाच्या ‘नाही’मागे काळजी किती आणि सवय किती, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळेल.

राहिली ती ‘मंडप दुरुस्ती’. तुमची झोप उडाली ती त्या बाईंच्या बोलण्याने नव्हे, या नोंदीने, असा माझा अंदाज आहे. त्या पोराला आधी सांगा की तुम्ही हे उघड करणार आहात. मग त्याच्याबरोबर त्याच्या घरी जा आणि त्याच्या आईवडिलांना खरं काय झालं ते सांगा. ते चिडतील. त्यांचा तो हक्क आहे, ऐकून घ्या. त्यानंतर मंडळाच्या बैठकीत हिशेबाची वही उघडा आणि ती नोंद सगळ्यांसमोर दुरुस्त करा. गाडी चालवणाऱ्या मुलाचं नाव घेऊन त्याला उभं करू नका. तो तेव्हा वीस-बावीस तास जागा होता आणि त्याला तसं ठेवणारं नियोजन सगळ्या मंडळाचं होतं. ड्रायव्हरची झोप, मोटारसायकली, अकरा वाजताची ज्योत, हे सगळं त्याच बैठकीत मांडा. पायऱ्यांवरून घसरल्याची गोष्ट जोवर खरी मानली जातेय, तोवर यातलं एकही पोरांना पटणार नाही, कारण त्यांच्या लेखी गेल्या वर्षी काही झालंच नव्हतं.

आणि दुकानात आलेल्या त्या आईंना ‘काही काळजी करू नका’ असं सांगू नका. कागद घेऊन त्यांच्याकडे जा. तुमचा मुलगा अमुक पथकात आहे, या वेळेला या गावापासून पळेल, या शाळेत झोपेल, गाडी हा चालवेल, हा त्याचा नंबर. त्यांना काही बदलून हवं असेल तर तिथेच पेनने बदला. त्यानंतरही त्या नको म्हणाल्या तर पोराची समजूत तुम्ही काढायची, त्यांना भरीला घालायचं नाही. सकाळी वेशीवर हार घ्यायला कुणीतरी लागतंच.